जनरेटरची ट्रायल

मास्तरांच्या सुनेने हात लावून बघितल्याशिवाय आयुष्यात कापडाचा एक तुकडा घेतला नव्हता. माणसांच्या बाबतीतही तिचा नियम फारसा वेगळा नव्हता. नवरासुद्धा आपण चार वेळा भेटून, उलटसुलट करून, उजेडात नेऊन पसंत केला, असं ती गिऱ्हाइकांना सांगे, आणि नवरा ते ऐकून कॉलर सारखी करी. त्यामुळे जनरेटर घ्यायची वेळ आली तेव्हा ही बाई फोनवर फोटो बघून, पैसे भरून मोकळी होईल असं ज्यांना वाटलं ते तिला ओळखत नव्हते.

वेळ आली ती मास्तर पडले म्हणून.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. हयात शिवणकामात गेलेली. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं लोक म्हणत, आणि लोकांनी म्हणायला थोडा उशीर केला तर मास्तर स्वतःच म्हणत. काही वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. कात्री सुनेच्या हातात आली आणि मास्तर दुकानातल्या खुर्चीवर बसले. पण डोळे गेले तरी हात शाबूत होते. कच्च्या शिलाईचा कोट ट्रायलला आला की गिऱ्हाईक त्यांच्यापुढे उभं राही. ते दोन्ही खांद्यांवरून, पाठीवरून, मुंढ्याखालून हात फिरवत आणि म्हणत, उजवा खांदा उतरता आहे, आतून पॅड दे. डोळस शिंप्यांना जे दिसलं नसतं ते त्यांच्या बोटांना कळे. त्या हातासाठी लोक लांबून येत.

घर दुकानाच्या मागेच होतं. पुढे दुकान, मागे मास्तरांची खोली आणि दोघांच्या मध्ये एक भली मोठी खोली. पूर्वी तिथे दोन खोल्या होत्या. कटिंगचं टेबल मावावं म्हणून मास्तरांनी ऐन उमेदीत मधली भिंत पाडली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती, भरदुपारीही दिवे लावावे लागत. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की फ्रिजही याच खोलीत, दुकानाच्या दाराला लागून ठेवलेला. आपल्या खोलीतून निघायचं, ती मोठी खोली तिरकी ओलांडायची आणि दुकानात खुर्चीवर जाऊन बसायचं, हा मास्तरांचा रोजचा रस्ता. काठी नाही, कोणाचा हात नाही. कोणी हात पुढे केलाच तर त्यावर ते टाळी देत आणि पुढे जात.

त्या वर्षी सगळ्या वस्तीत जमिनीखालच्या केबली बदलायचं काम निघालं होतं. सकाळी वीज जायची ती संध्याकाळी उगवायची, आणि ती कधी जाणार हे खणणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. अशाच एका सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक कोट चढवून उभं होतं, सून दातांत टॉर्च धरून टाचण्या लावत होती, आणि मागून धाडकन आवाज आला. मास्तर कटिंगच्या टेबलावर आपटून खाली पडले होते. भुवईला टाके पडले, मनगट सुजलं.

पाय अडखळला, एवढंच ते म्हणाले. मग सुनेनेच तपास लावला. टॉर्च काढायला तिने एक स्टूल ओढलं होतं, ते अंधारात तसंच राहिलं असणार. दिवे असते तर तिला स्टूल दिसलं असतं, ते तिने उचललं असतं, मास्तर पडले नसते. त्या स्टुलाला त्याच दिवशी माळ्यावर टाकण्यात आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, पण हे कळायला अजून अवकाश होता.

नणंदेला फोन गेला. ही मास्तरांची थोरली लेक, दुसऱ्या शहरात एका मोठ्या इस्पितळात मेट्रन. डॉक्टरही तिला विचारून शिंकत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. तिच्या इमारतीत वीज जात नाही, लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवता येईल. येत्या रविवारी ती येणार आणि बाबांना कायमचं घेऊन जाणार. भावाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, ते पटलंही. तो एका वाहतूक कंपनीत हिशेबनीस होता आणि बहिणीशी वाद घालणं हा बुडीत धंदा आहे हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सून कापड आखत असताना मास्तरांनी खुर्चीवरून विचारलं, "तिच्याकडे मी दिवसभर काय करायचं गं?"

"आराम करायचा म्हणतात ताई."

"आराम. आणि माझ्यापुढे उभं कोण राहणार?"

सुनेच्या हातातला खडू तिथेच थांबला. ती या घरात आली तेव्हा तिला बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं. जे काही येत होतं ते या माणसाने शिवून, उसवून, पुन्हा शिवून तिच्या हातात उतरवलं होतं. त्यांना नेलं तर कोटाचं काम तिला एकटीने जमलं असतं, तेवढा तिला स्वतःवर भरवसा होता. पण त्या खुर्चीशिवाय तिला दुकान नको होतं. आणि सातव्या मजल्यावर कोणाच्या तरी सोफ्यावर हात मांडीत घालून बसलेले मास्तर तिला डोळ्यांपुढे आणवेनात.

तिने नणंदेला फोन लावला आणि शांतपणे सांगितलं की ताई, रविवारी जरूर या, पण तोवर मी घरातली वीज जाणं बंद करते. वीज गेली म्हणून पडले ना, मग वीज जाणारच नाही. नणंद म्हणाली, बघू.

झालं. सुनेने घराचं माप घ्यायला सुरुवात केली. एखाद्या आडव्यातिडव्या गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, कुठे काय लागतं, किती लागतं. दुकानातले दिवे, मोठ्या खोलीतले दिवे, पंखे, मोटारीची दोन शिलाई मशीनं, वाफेची इस्त्री, फ्रिज, पाण्याचा पंप. नवरा मागून फोनवर वॅटची बेरीज करत फिरत होता. बॅटरीचा इन्व्हर्टर घ्यावा असंही त्याने सुचवून पाहिलं, पण दिवस दिवस वीज नसली तर बॅटरी दुपारीच मान टाकणार आणि पुन्हा भरणार कशावर, हे त्याचं त्यालाच पटलं. पेट्रोलवर चालणारा, उचलून ठेवता येईल असा जनरेटरच हवा, यावर दोघांचं एकमत झालं. लग्नानंतर असं क्वचितच होई.

यंत्रांच्या दुकानाच्या मालकाला सगळा बाजार हॉर्सपॉवर म्हणे. तो आपल्या जावयाची हुशारीसुद्धा हॉर्सपॉवरमध्ये सांगायचा. त्याने तीन नग दाखवले. एक चाकांचा मोठा थोरला, किल्ली फिरवली की सुरू. एक मधला. आणि एक बंद डब्यातला, प्रवासी बॅगेएवढा, दोरी ओढून चालू करायचा. सगळ्यांनाच त्याने दोन आकडे सांगितले, एक चालतानाचा आणि एक सुरू होतानाचा. फ्रिज काय, पंप काय, मोटार असलेली कुठलीही वस्तू सुरू होताना एका क्षणाला तिप्पट वीज ओढते, तेवढा दम यंत्रात हवा, नाहीतर सगळंच बंद पडतं, असं तो म्हणाला.

नवरा गोंधळला. सून मात्र लगेच समजली. "म्हणजे पँटीला बसण्यापुरती ढिलाई सोडतो तसं. उभ्या माणसाला नेमकी बसली आणि खाली बसताना उसवली, तर उपयोग काय?" हॉर्सपॉवरने आजवर शंभरदा हे समजावलं होतं, पण इतकं सरळ त्याला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं.

मग तिने प्रश्नांची सरबत्ती केली. टाकी भरली की किती वेळ चालतो, वीज एकसारखी देतो की झटके देतो, कारण मशीनचं बोर्ड जळलं तर तो काही तिचे कपडे शिवून देणार नव्हता. तेल कधी बदलायचं, पावसात काय. एका गोष्टीवर हॉर्सपॉवरच गंभीर झाला. यंत्र घराबाहेरच ठेवायचं, परसाच्या टोकाला, दारंखिडक्यांपासून लांब. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, माणसाला कळायच्या आत तो आडवा करतो. आणि वायरमनकडून मेन बोर्डाशेजारी चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायचा, म्हणजे घराला एक तर बाहेरची वीज नाहीतर जनरेटरची, दोन्ही एकदम कधीच नाही. नाहीतर आपली वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि खड्ड्यात काम करणारा बिचारा मरतो. सुनेने दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे कबूल केल्या.

"आता ट्रायल," ती म्हणाली.

इथे चालू करून दाखवतो की, हॉर्सपॉवर म्हणाला. तिने मान हलवली. अंगावर चढवल्याशिवाय माप खरं कळत नाही, ही मास्तरांची शिकवण. ट्रायल घरी होईल. तो म्हणाला, एकदा पेट्रोल घातलं की माल परत नाही. ती म्हणाली, माल नकोच आहे, तुमचा दाखवायचा नग द्या. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा कोट मास्तरांनी तीन ट्रायली घेऊन शिवला होता आणि पोट असूनही तो त्यात राजबिंडा दिसला होता. बोलता बोलता ही आठवण निघाली. नग मिळाला.

मोठाच आणला. नवऱ्याचं म्हणणं होतं की घ्यायचा तर घरभर पुरेल असा घ्यावा, आणि बेरीजही त्याच्याच बाजूने होती. वायरमन स्विच बसवून गेला होता. यंत्र परसात दूर, धुराचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं, जाड तार आत आणली, चेंजओव्हर स्विच जनरेटरकडे वळवला आणि किल्ली फिरवली. यंत्र गरजलं. मोठ्या खोलीत सगळे दिवे लागले, पंखे फिरले, पंप ओढू लागला, इस्त्री तापली, दोन्ही मशीनं धावली. एखाद्या समारंभाचं घर असावं तसा लखलखाट. सुनेला इतका आनंद झाला की तिने तिथूनच नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. बघा ताई, म्हणत तिने फोन सगळ्या खोलीभर फिरवला. यंत्राच्या आवाजामुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं, पण ते काय, दोन दिवसांत सवय होईल.

तेवढ्यात मास्तर आपल्या खोलीच्या दारात आले.

उंबऱ्यावर ते थांबले. मान जरा तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि ते भलतीकडेच निघाले, टेबलाच्या दिशेने. वाटेत कुठेही स्टूल नव्हतं. डोक्यावर सगळे दिवे जळत होते. आणि मास्तरांचा हात पुढे आला, हवेत, काहीतरी चाचपायला. इतक्या वर्षांत या घरात त्यांनी असा हात कधी पुढे केला नव्हता.

सून धावली, तिने तो हात टेबलाच्या कडेवर टेकवला. फोन तिच्या हातातच होता, आणि त्यातून नणंदेला सगळं दिसलं होतं. "बघितलंस?" फोनमधून आवाज आला. "एवढ्या उजेडातही. मी रविवारी येते आहे आणि बॅग घेऊन येते आहे." फोन बंद झाला.

सुनेने परसात जाऊन किल्ली बंद केली आणि स्विच परत बाहेरच्या विजेकडे वळवला. दिवे क्षणभर गेले आणि परत आले. त्या शांततेत दुकानाच्या दाराशेजारचा जुना फ्रिज एकदा हादरला आणि घरघरू लागला. मास्तरांनी मान वळवली, टेबलाची कड सोडली आणि सरळ चालत दुकानात जाऊन खुर्चीवर बसले.

ती खोलीच्या मधोमध उभी राहून फ्रिजकडे बघत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आंधळ्या माणसाला अंधार काय करणार, हा साधा प्रश्न घरातल्या एकालाही पडला नव्हता. मास्तर पडले ते टेबलापाशी, आणि टेबल त्यांच्या वाटेवर नव्हतंच. मग ते तिथे गेले कसे, हेही कोणी विचारलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. ती जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"बाबा, तुम्ही फ्रिजच्या आवाजावर चालता."

मास्तरांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्याच्याकडे नाक करायचं आणि निघायचं. जवळ आला की उजवीकडे दार."

"तो मधेमधे बंद होतो, तेव्हा?"

"तेव्हा मी पण थांबतो. होतो सुरू परत. त्या दिवशी वीज गेली. खूप वाट बघितली, सुरूच होईना. तिकडे गिऱ्हाईक ताटकळलेलं. म्हटलं, इतकी वर्षं चालतोय, एवढंही जमू नये?" ते जरा हसले. "नाही जमलं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? लोक काठी धरतात, आमच्या मास्तरांनी फ्रिज धरलाय?"

तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिने दोन्ही होऊ दिलं. मग डोळे पुसून ती म्हणाली की चूक तिची आहे. तिने घराचं माप घेतलं, घालणाऱ्याचं घ्यायचं राहिलं. शिंप्याच्या घरात याहून मोठी चूक नाही. मास्तर म्हणाले, चूक असली तरी कापड अजून कापलेलं नाही, तेव्हा रडायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांनाच घेऊन यंत्रांच्या दुकानात गेली. हॉर्सपॉवरने आकडे सुरू केले, ते त्यांनी हाताने थांबवले. बंद डब्यातला छोटा नग दुकानाच्या मागच्या अंगणात, परसाइतक्याच अंतरावर नेऊन सुरू करायला सांगितला. मग हॉर्सपॉवरला म्हणाले, तुम्ही दुकानाच्या त्या टोकाला उभे राहा आणि अगदी हळू काहीतरी बोला. हळू बोलणं हॉर्सपॉवरला जन्मात जमलं नव्हतं. तिसऱ्या प्रयत्नाला तो कसाबसा कुजबुजला. मास्तर सरळ त्याच्या दिशेने चालत गेले आणि त्याच्या पोटापाशी थांबले.

"कोट आता घट्ट होत असेल," ते म्हणाले, आणि यंत्र ठरलं.

हॉर्सपॉवरने प्रामाणिकपणे बजावलं की याचा जीव लहान आहे. दिवे, पंखे, दोन मशीनं आणि फ्रिज, बस. फ्रिज सुरू होतो त्या क्षणाला तर याची अगदी कसोटी लागेल. घरी गेल्यावर नवऱ्याने तेच धरलं. इस्त्री नाही, पंप नाही, मग एवढा खटाटोप कशाला? मोठा घेऊन लांब ठेवू. सुनेने त्याला सांगितलं की परस आहे तेवढाच आहे, तो ओढून लांब होत नाही. टाकी सकाळीच भरून ठेवायची, इस्त्री वीज आल्यावर करायची. कोटाला खिसा एक कमी असला तर चालतो, खांदा बसला पाहिजे. नवऱ्याने बेरीज पुसून टाकली आणि नवी केली.

नणंदेलाही तिने फोन करून सगळं समजावलं. नणंद ऐकत होती, पण इस्पितळातली बाई, तिला खात्रीची कागदपत्रं लागत. "म्हणजे बाबांना मी फ्रिजच्या भरवशावर सोडू?" ती म्हणाली. यावर सुनेने एवढंच सांगितलं की बॅग आणा, पण आधी ट्रायल बघा, ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक बघितल्याशिवाय परत जात नाही.

रविवारी नणंद आली. हातात मोठी रिकामी बॅग. बापाच्या भुवईवरचे टाके तिने आधी तपासले, मनगट वळवून बघितलं, मग ती मोठ्या खोलीत हाताची घडी घालून उभी राहिली. मास्तर आपल्या खोलीत गेले. सुनेने चेंजओव्हर स्विच जनरेटरकडे वळवला. खोली काळोखी झाली, फ्रिज थांबला. परसात नवऱ्याने दोरी ओढली, पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा ओढली तेव्हा छोटं यंत्र लागलं. दिवे आले. फ्रिज हादरला आणि घरघरू लागला. परसातला आवाज होता, पण लांब, शेजारच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू ठेवावी इतपत.

मास्तर दारात आले, मान तिरकी केली आणि निघाले. सरळ, हात खिशात घालून. हा हात खिशात घालणं केवळ लेकीला दाखवण्यासाठी होतं, हे सुनेला कळत होतं. आणि अर्ध्या वाटेवर ते पोचतात न पोचतात तोच फ्रिज थंडावा पुरेसा झाला म्हणून बंद झाला.

मास्तर जागच्या जागी थांबले. त्यांच्या चारही बाजूंना मोकळी जमीन होती, धरायला काही नव्हतं. नणंद झेपावली. सुनेने तिचं मनगट धरलं. मेट्रनबाईंचं मनगट आजवर कोणी असं धरलं नसेल.

"ताई, थांबा. बाबा थांबलेत, अडलेले नाहीत."

"आणि आता?"

"आता वाट बघायची. ते रोज बघतात."

नणंदेने बापाकडे बघितलं. ते शांत उभे होते, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे, चेहऱ्यावर ना भीती ना लाज. रोज कितीदा तरी ते या जागी असे उभे राहत असतील आणि कोणी विचारलं तर दोरा शोधतोय म्हणत असतील. क्षण गेले. वाट बघणं नणंदेच्या स्वभावात नव्हतं. तिने मनगट सोडवून घेतलं आणि ती चालू लागली, पण बापाकडे नाही. ती फ्रिजपाशी गेली, तिने दार सताड उघडलं, आतलं थंडीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तिथेच उभी राहिली.

"फ्रिजपाशी कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मी आहे."

"दार उघडं टाकलंस?"

"तो सुरू व्हावा म्हणून, बाबा."

तेवढ्यात फ्रिज हादरला. दिवे एकदम मंदावले, परसात यंत्र कण्हलं. मग यंत्राने दम धरला, दिवे पुन्हा उजळले आणि फ्रिज घरघरू लागला. मास्तरांनी पाऊल उचललं. नणंदेच्या समोरून, तिला धक्का न लावता, ते उजवीकडे वळले, दारातून गेले आणि खुर्चीवर बसले.

"दार लाव आता," तिथून ते म्हणाले. "पेट्रोल जळतंय."

तिने दार लावलं, पण हात दांडीवरून काढला नाही. तळव्याला फ्रिजची थरथर लागत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि सुनेपासून ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"माझ्याकडचा फ्रिज नवा आहे," ती म्हणाली. "त्याचा आवाजच येत नाही."

संध्याकाळी ती निघाली तेव्हा बॅग रिकामीच होती.